ड्रमवर ६५ टक्के, आत ब्लीचिंग पावडर

ड्रमवर छापलं होतं कॅल्शियम हायपोक्लोराइट, ६५ टक्के क्लोरीन. आत भरली होती साधी ब्लीचिंग पावडर. पैसे ६५ टक्क्यांचे गेले, पोहण्याच्या तलावात क्लोरीन पडत राहिलं त्याच्या निम्मं, आणि त्याच पाण्यात लहान मुलं पोहत राहिली. पैशांपेक्षा ही शेवटची गोष्ट जास्त जिवाला लागते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

लबाडी उघडी पडली ती बादलीत. रोजचा डोस पाण्यात कालवला की दहा-पंधरा मिनिटांत तळाशी बोटभर जाडीचा पांढरा चुना बसायचा. चांगल्या कॅल्शियम हायपोचाही थोडा गाळ उरतो, पण थोडाच. त्याचे दाणे रवाळ आणि कोरडे असतात. ब्लीचिंग पावडर पिठासारखी असते, दमट हवेत गोळे धरते. तिच्यात क्लोरीन ताजेपणी ३० ते ३५ टक्के, आणि झाकण नीट लागलं नाही की तेही उडत जातं.

हिशेब सोपा आहे. १ लाख लिटर पाण्यात क्लोरीन १ पीपीएमने (लिटरमागे १ मिलिग्रॅमने) वाढवायला शुद्ध क्लोरीन १०० ग्रॅम लागतं. ६५ टक्क्यांचा माल असेल तर १५४ ग्रॅम पुरतो. तेवढ्याच ब्लीचिंग पावडरीतून जेमतेम ५० ग्रॅम मिळतं. वर तिच्यातला चुना पीएच चढवतो. पीएच ७.५ असताना पाण्यातलं साधारण निम्मं क्लोरीन जंतू मारणाऱ्या रूपात असतं. ८ वर ते पावभाग किंवा त्याहूनही कमी राहतं. म्हणजे आधीच अर्धं पडलेलं क्लोरीन आणखी लुळं होतं.

ड्रम तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, सिरिंज, डिस्टिल्ड वॉटर आणि डीपीडी किट (गुलाबी रंगावरून क्लोरीन मोजणारा संच) एवढं पुरे. ड्रमच्या वरच्या थरातून नको, मधून आणि तळातून नमुना घ्या. १ ग्रॅम माल १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ढवळा, गाळ बसू द्या. वरच्या निवळीतलं १० मिली दुसऱ्या २ लिटर डिस्टिल्ड पाण्यात सोडा आणि त्याची लगेच चाचणी घ्या. माल खरा ६५ टक्क्यांचा असेल तर ३.२ पीपीएमच्या आसपास आकडा येतो, ब्लीचिंग पावडरीचा १.५ च्या आसपास. नळाचं पाणी वापरू नका; त्यातलं आधीचं क्लोरीन किंवा मळ आकडा बिघडवतो.

मग इतक्या कमी क्लोरीनवर पाणी हिरवं का पडलं नाही? कारण त्यात मोरचूद (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट) टाकलेला होता. मोरचुदाने शेवाळ मरतं आणि पाण्याला सुरेख निळी झाक येते, पण जंतू मारण्याचं क्लोरीनचं काम त्याच्याने होत नाही. पायऱ्यांच्या कडांना, शिडीच्या मागे निळसर-हिरवे डाग दिसले किंवा फिकट केसांना हिरवट छटा आली, तर तांब्याची चाचणी करून घ्याच. निळं, नितळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, या समजुतीवरच ही सगळी लबाडी चालते.

दुसरा आडोसा होता पिवळ्या रंगावरून क्लोरीन दाखवणाऱ्या ओटीओ किटचा. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे क्लोरामाइन बनतं, तेही हा किट क्लोरीन म्हणूनच दाखवतो. नळी पिवळी झाली की सगळे खूश, आणि मोकळं, म्हणजे कशाशीही न जुळलेलं क्लोरीन मात्र शून्याजवळ. डीपीडीची १ नंबरची गोळी फक्त मोकळं क्लोरीन दाखवते. त्याच नळीत ३ नंबरची टाकली की एकूण कळतं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे क्लोरामाइन. तो ०.४ पीपीएमच्या पुढे गेला की डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो. अशा वेळी ‘क्लोरीन जास्त झालं’ असं सांगून डोस घटवला जातो. नेमकं उलट करायला हवं असतं!

डीपीडीनेही फसवता येतं. क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेलं की गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि नळी शून्य दाखवते. ती नळी दाखवून आणखी माल गळ्यात मारला जातो. शंका आली की नमुन्यात चौपट डिस्टिल्ड पाणी घालून पुन्हा तपासा आणि आलेल्या आकड्याला ५ ने गुणा.

तक्रार केल्यावर बदली म्हणून टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) गोळ्या पुढे येतात. ९० टक्के क्लोरीन, खरंच जोरकस माल. पण १ लाख लिटरला १ किलो टीसीसीए टाकला की सुमारे ९ पीपीएम क्लोरीनसोबत साडेपाच पीपीएम सायन्युरिक आम्लही पडतं. क्लोरीन खर्च होतं, हे आम्ल साचत जातं. रोज २ पीपीएम क्लोरीन गोळ्यांतून दिलं तर महिन्याला सुमारे ३७ पीपीएमची भर. उघड्या तलावात ३० ते ५० पीपीएम ठीक; १०० च्या वर क्लोरीन मंदावतं आणि ‘शॉक’च्या (एकदम मोठ्या डोसच्या क्लोरीनच्या) पिशव्या विकणाऱ्याची चंगळ होते. शॉकने हे आम्ल जात नाही. निम्मं पाणी बदललं की ते निम्मं होतं, दुसरा सोपा उपाय नाही.

माल बदलताना एक काळजी जिवाची आहे. हायपो आणि टीसीसीए एकत्र आले तर पेट घेतात, बंद डोसरमध्ये (डोस सोडणाऱ्या यंत्रात) स्फोट होतो. डोसर तर वेगळा हवाच, पण मापही वेगळं ठेवा. आम्ल कुठल्याही क्लोरीनजवळ नको. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि पावडर नेहमी पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही.

करारात किलोचा भाव न लिहिता चाचणीत आलेल्या टक्क्यांवर भाव लिहून घ्या. ड्रमवर बॅच आणि उत्पादनाची तारीख नसेल तर तो उतरवून घेऊ नका. नोंदवहीत आकडे दोनदा लिहा, सकाळी आणि गर्दी ओसरल्यावर. सकाळचा आकडा चांगला दाखवणं सोपं असतं. संध्याकाळी मोकळं क्लोरीन १ पीपीएमच्या खाली किंवा पीएच ७.८ च्या वर दिसला, तर दोन्ही ठिकाणावर येईपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका.