आयसीसीयूचा वॉर्ड की कॅथलॅब?

छातीत दुखतंय म्हणून पेशंट आला की १० मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी निघायला हवा. मोठा अटॅक असेल तर साधारण दीड तासात कॅथलॅबमध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करायच्या खोलीत, त्याची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायची असते. ही अँजिओप्लास्टी झाली की तो आयसीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात येतो. या सगळ्या धावपळीत डॉक्टर आणि सिस्टर नातेवाइकांना दिसतात. आणखी दोन माणसं मात्र फारशी कुणाच्या लक्षात येत नाहीत: एक पलंगापाशी असतं, पेशंट केअर असिस्टंट; दुसरं कॅथलॅबच्या टेबलापाशी, कार्डिॲक टेक्निशियन. मी तीन वर्षं पलंगापाशी होते. मग पदवी केली आणि आता कॅथलॅबमध्ये आहे. यातलं कोणतं काम घ्यावं असं मला बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी नावांचा घोळ सोडवू, कारण फसवणूक तिथेच होते. ‘पेशंट केअर टेक्निशियन’ हे पदनाम मूळचं अमेरिकेतलं. आपल्याकडे त्याच कामाला जनरल ड्युटी असिस्टंट म्हणजे जीडीए किंवा पेशंट केअर असिस्टंट म्हणतात. वॉर्डात हाक मारतात ती मावशी, मामा नाहीतर ब्रदर अशी. त्यासाठी बहुतेक ठिकाणी दहावी आणि काही महिन्यांचा कोर्स पुरतो. कार्डिॲक टेक्निशियन ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवं. मग नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) ही पदवी करायची, म्हणजे ३ वर्षं शिक्षण आणि १ वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी. या दोन्हींच्या मधल्या जागेत सहा-सहा महिन्यांची सर्टिफिकेटं ‘टेक्निशियन’ या नावाने विकली जातात. माझ्याबरोबर लागलेल्या एका मुलीच्या वडिलांनी कर्ज काढून अशा कोर्सची फी भरली होती. कॅथलॅबमध्ये ते सर्टिफिकेट चाललं नाही आणि ती माझ्याच शेजारी बेडपॅन उचलत राहिली. बेडपॅन उचलण्यात कमीपणा काहीच नाही. पण त्यासाठी तेवढे पैसे भरायची गरज नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता वॉर्डाचं काम. लोकांना वाटतं ते म्हणजे नुसती साफसफाई. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करायचं असतं. हृदयाचा पंप कमजोर झाला की अंगात पाणी साठतं आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलेलं दिसतं. दिवसभरात किती पाणी प्यायला आणि किती लघवी झाली, हे मिलिलिटरमध्ये मोजून आय-ओ चार्टवर लिहायचं. पाणी काढायच्या औषधाचा डोस ठरवताना डॉक्टर हेच आकडे बघतात. अंदाजे लिहिलेला आकडा थेट पेशंटला भोवतो.

मांडीतून अँजिओप्लास्टी झालेल्या पेशंटला शिथ (रक्तवाहिनीत घातलेली छोटी नळी) काढल्यावर चार-सहा तास पाय सरळ ठेवावा लागतो. त्याची पाठ धरते, तो कुशीवर वळू बघतो. तुम्ही पाठीखाली हात घालून आधार द्यायचा आणि त्याच वेळी चादर उचलून मांडीपाशी रक्त दिसतंय का, सूज येतेय का, हे पाहायचं. काही दिसलं की धावत सिस्टरला सांगायचं. काही हॉस्पिटलांत ईसीजीही तुम्हीच काढता. छातीवरचा पहिला आणि दुसरा इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजवीकडे आणि डावीकडे. एक फट वर लावला की आलेख बदलतो आणि नसलेला आजार दिसू शकतो.

आणि कार्डिॲक अरेस्ट, म्हणजे हृदय अचानक बंद पडणं. छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. म्हाताऱ्या माणसाची बरगडी हाताखाली मोडते ते कळतं. मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री जेवण गेलं नाही. पण त्याच वॉर्डात एका आजोबांनी डिस्चार्जच्या दिवशी माझा हात हातात घेऊन ‘पोरी, तुझ्यामुळे लाज वाटली नाही’ असं म्हटलं. पलंगावर लघवी करावी लागण्याची लाज. असं कॅथलॅबमध्ये कुणी म्हणत नाही, कारण तिथे पेशंट जेमतेम तासभर असतो.

कॅथलॅबमध्ये तुमचे डोळे स्क्रीनवर असतात. रक्तदाबाचा आलेख पडतोय का, ठोक्यांची लय बिघडतेय का, हे डॉक्टरांच्या आधी तुम्हाला दिसायला हवं, कारण त्यांचं लक्ष रक्तवाहिनीत सरकवायच्या बारीक तारेवर असतं. रक्तदाब मोजणारी प्रेशर लाइन शून्यावर आणणं, मागितलेल्या स्टेंटचा साइज पाकिटावरून मोठ्याने वाचून मगच देणं, हृदयाला शॉक द्यायचं यंत्र, डिफिब्रिलेटर, तयार ठेवणं, ही रोजची कामं. इथली चूक लगेच दिसते, आणि तुमचं कौशल्यही.

त्याची किंमत वेगळी असते. शिशाचा एप्रन पाच-सहा किलोचा असतो, काही वर्षांत कंबर बोलायला लागते. अंगावर पडलेल्या क्ष-किरणांचा हिशेब ठेवायला टीएलडी बॅज असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) आणि कोणत्याही एका वर्षात ३० अशी आहे. बॅज खणात ठेवून काम करणारे मी पाहिलेत. तसं कधीच करू नका. गरोदर राहिल्यावर ताबडतोब कळवा, ड्युटी बदलून मिळायला हवी. वॉर्डात नाइट असते, पण शिफ्ट संपली की तुम्ही मोकळे. कॅथलॅबला ऑन-कॉल असतो. रात्री दोनला फोन आला की अर्ध्या तासात टेबलापाशी उभं राहायचं. घर लांब असेल किंवा लहान मूल सांभाळायला कुणी नसेल, तर याचा विचार आधीच करा.

पैशांच्या बाबतीत टेक्निशियनचं पारडं जड आहे आणि वर्षागणिक फरक वाढत जातो. वॉर्डातली भरती बऱ्याच ठिकाणी एजन्सीमार्फत होते. मुलाखतीतच विचारा: पगार हॉस्पिटल देणार की एजन्सी? पीएफ कापणार का? हेपटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस देणार का? हे विचारल्याबद्दल कुणी तोंड वाकडं केलं तर ती नोकरी सोडलेली बरी.

माझं मत स्पष्ट आहे. बारावी सायन्स झालं असेल आणि घर चार वर्षं थांबू शकत असेल, तर बीपीएमटीच करा. ‘आधी वॉर्डात शिरू, मग कॅथलॅबमध्ये सरकू’ असं होत नाही, डिग्रीशिवाय ते दार उघडत नाही. घरी आज पैसे हवे असतील तर वॉर्डात बिनधास्त लागा, मात्र तिथे किती वर्षं राहायचं हे पहिल्याच दिवशी ठरवा. मी दोन ठरवली होती, तीन लागली. आणि यंत्रापेक्षा माणसाकडे ओढा असेल, तर या दोन्हींपेक्षा तीन वर्षांचं जीएनएम नर्सिंग, म्हणजे सिस्टर व्हायचा डिप्लोमा बघा. पेशंटपाशीच राहाल, पण पुढे वाढायला जागा असेल.

वॉर्डातली वर्षं वाया मात्र जात नाहीत. टेबलावरून पेशंट हलवताना मी आजही आयसीसीयूत स्वतः फोन करते: मावशी, उजवी मांडी आहे, पाठ दुखण्याचा जुना त्रास आहे, चादर उचलून बघत राहा.