हेलिओस ४४-२ : जुनी लेन्स, मिररलेस कॅमेरा
सोव्हिएत काळातील झेनिट कॅमेऱ्यांसोबत मिळणारी, झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सच्या रचनेवर बेतलेली ही ५८ मिमी, एफ/२ लेन्स सोनीच्या फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर काच नसलेल्या साध्या अ‍ॅडॉप्टरने बसते. लेन्सच्या एम४२ माउंटला (आट्यांच्या जोडणीला) सेन्सरपासून लागणारे ४५.४६ मिमी अंतर आणि सोनीचे १८ मिमी, यांतील फरक तो भरून काढतो. एफ/२ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) पूर्ण उघडे असताना, पानांआडून येणारा उजेड पार्श्वभूमीत भोवऱ्यासारखा फिरतो. कडा मात्र मऊच राहतात आणि समोरून ऊन आले की चित्र फिकट पडते. एवढ्या उघड्या अ‍ॅपर्चरला फोकस पीकिंगवर (स्पष्ट भागाच्या कडा रंगाने दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातील सोयीवर) विसंबू नये, दृश्य मोठे करून पाहणेच खात्रीचे. फोकस हातानेच करावा लागत असल्याने धावत्या मुलांच्या छायाचित्रांसाठी ही लेन्स मी सुचवणार नाही. निवांत व्यक्तिचित्रांसाठी जरूर घ्यावी, फक्त घेण्यापूर्वी आत बुरशी नाही ना, हे टॉर्च लावून तपासावे.