अमळनेरच्या घरातील सीपीव्हीसी पाइप: 16 महिने आणि दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

अमळनेर येथील आमच्या घरात 1994 साली टाकलेली जीआय पाइपची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची) जवळजवळ सगळी लाइन आम्ही 16 महिन्यांपूर्वी काढली आणि तिच्या जागी सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही चालणारी प्लॅस्टिकची पाइप, बसवली. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, उरलेली गरज बोअर भागवते, आणि बोअरचे पाणी इतके जड आहे की त्यात डाळ नीट शिजत नाही. नव्या लाइनने दोन उन्हाळे काढल्यामुळे आता तिच्याविषयी ठामपणे लिहिता येईल.

जुनी लाइन काढताना प्लंबरने मोरीजवळचा एक एल्बो (वळणावरचा जोड) मधोमध कापून माझ्या हातात दिला. बाहेरचा जस्ताचा मुलामा बऱ्यापैकी शाबूत होता, पण आत तांबूस-काळ्या गंजाच्या गाठी आणि त्यांवर क्षाराचे पांढरे थर असे चढले होते की त्या अर्ध्या इंची पाइपमधून पेन्सिलही जेमतेम गेली असती. "भाऊ, आठे पानीले जावाले जागाच नही," एवढेच तो म्हणाला, आणि गच्चीवर टाकी भरलेली असूनही खालच्या नळाला धार का लागत नाही, हे मला त्या क्षणी कळले.

गंज बहुतेक ठिकाणी आट्यांपासूनच, म्हणजे जोडासाठी पाइपच्या टोकाला पाडलेल्या चुडीपासूनच, सुरू झालेला दिसला. आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो आणि लोखंड उघडे पडते. आजूबाजूला जस्त असेपर्यंत ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, पण ते संपले की पाण्यात विरघळलेला प्राणवायू लोखंडाला खाऊ लागतो. आमच्या लाइनमध्ये कधी पाणी, कधी हवा, असे चालत असल्यामुळे तिला दर वेळी ताजा प्राणवायू मिळत होता. सर्वांत वाईट अवस्था पितळी व्हॉल्व्हला लागून असलेल्या तुकड्याची होती, कारण पितळ आणि लोखंड पाण्यात एकमेकांना जोडलेले असले की झिजते ते लोखंड.

प्लॅस्टिकच्या पाइपचे आणखी दोन प्रकार होते. यूपीव्हीसी स्वस्त असले तरी गरम पाण्यासाठी ते चालत नाही. पीपीआर चांगले आहे, पण ते मशीनवर तापवून जोडावे लागते आणि आमच्या प्लंबरचा हात त्यावर बसलेला नव्हता. ज्या कारागिराला जे नीट जमते तेच त्याच्याकडून करून घ्यावे, असे माझे मत आहे. म्हणून आयएस 15778 या भारतीय मानकाचा शिक्का पाहून, 93 अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी असलेली सीपीव्हीसी घेतली.

धार पहिल्याच दिवशी सुधारली, आणि सकाळच्या पहिल्या बादलीला येणारे तांबूस पाणी बंद झाले, ते आजतागायत बंद आहे. तक्रारी मात्र आहेत. पहिल्याच मे महिन्यात गच्चीवरच्या गरम पाण्याच्या लाइनचा एक जोड पाझरू लागला. सीपीव्हीसी उष्णतेने लोखंडाच्या सुमारे पाचपट वाढते. 30 अंशांच्या फरकाने तीन मीटरची पाइप साधारण 6 मिलिमीटर लांबते, आणि आमच्या क्लॅम्पनी तिला हलायला जागाच ठेवली नव्हती. क्लॅम्प सैल केले, एक लूप घेतला, उघड्या पाइपला उन्हापासून वाचवण्यासाठी पांढरा रंग दिला. दुसऱ्या उन्हाळ्यात तो जोड कोरडा राहिला. दुसरी चूक अधिक महागात पडली. गीझरच्या जोडणीत लोखंडी निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा तुकडा) थेट प्लॅस्टिकच्या आट्यांत आवळला होता आणि तो भाग चिरला. तेथे आतून पितळी आटे असलेली फिटिंगच हवी होती. सोलर वॉटर हीटरच्या तोंडाशी पहिला मीटरभर पाइप आम्ही तांब्याचा घेतला, कारण वापर नसलेल्या दिवशी भर उन्हात तेथील पाणी फार तापते.

एक अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये. पाइप गंजत नाही म्हणून पाणी मऊ होत नाही. शॉवरची छिद्रे दर दोन महिन्यांनी आजही लिंबाच्या पाण्यात भिजवावी लागतात, आणि गीझरच्या कॉइलवर पूर्वीइतकाच क्षार बसतो.

मीटरपासून भिंतीपर्यंतचा जीआयचा तुकडा काळ्या मातीत तसाच राहिला आहे. उन्हाळ्यात ती माती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि त्या तुकड्याच्या सॉकेटवर ताण येतो. पुढील उन्हाळ्यापूर्वी तोही काढून तेथे मोठ्या व्यासाच्या पाइपच्या आतून नवी लाइन नेण्याचे काम ठरवले आहे.