पोटनिवडणूक लढवावी की सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत थांबावं?

आमदारकीची जागा रिकामी झाली की सांगली-साताऱ्यात दशक्रियेआधीच नावांची चर्चा सुरू होते. इच्छुकानं आधी मुदत मोजावी. पोटनिवडणूक सहा महिन्यांत घ्यावी लागते, पण सभागृहाची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर हे बंधन नाही. जानेवारी २०२४ अखेरीस खानापूरचे आमदार अनिल बाबर यांचं निधन झालं, तेव्हा जेमतेम दहा महिने उरले होते. खानापूरला नवा आमदार थेट नोव्हेंबरमधल्या सार्वत्रिक निवडणुकीतच मिळाला.

पोटनिवडणुकीत उरलेलीच मुदत वाट्याला येते. तासगाव-कवठेमहांकाळला २०१५ मध्ये ती साडेचार वर्षं होती, पलूस-कडेगावला २०१८ मध्ये दीड वर्षसुद्धा नाही. दीड वर्षासाठी सगळी पुंजी ओतणं आम्हाला शहाणपणाचं वाटत नाही.

जागा कशामुळे रिकामी झाली, हेही बघा. निधनानंतर घरातलाच उमेदवार असेल तर बाहेरच्यानं थांबलेलं बरं: पलूस-कडेगावला पतंगराव कदमांचे पुत्र विश्वजीत कदम बिनविरोध निवडून आले, तासगावला आर. आर. पाटलांच्या पत्नी सुमनताई पाटील लाखाहून अधिक मतांनी. राजीनाम्याची गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये उदयनराजेंनी खासदारकी सोडून पक्ष बदलला आणि पोटनिवडणुकीत साताऱ्यानं श्रीनिवास पाटलांना निवडलं. तिथे सहानुभूती कामाला येत नाही, उलट जाब विचारला जातो.

पैशाचं गणित कागदावर सारखंच: विधानसभेला अनामत १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींना निम्मी), खर्चमर्यादा ४० लाख. फरक प्रचारात पडतो. सार्वत्रिकला मोठे नेते २८८ मतदारसंघांत विखुरतात. एकट्या पोटनिवडणुकीला मंत्र्यांच्या गाड्या तुमच्याच गल्लीत. अपक्षाला हे झेपत नाही.

अर्ज मात्र दोन्हीकडे त्याच चुकांनी बाद होतात. अपक्षाला दहा सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार) लागतात, तेही त्याच मतदारसंघातले. त्यांचा यादीभाग आणि अनुक्रमांक ताज्या मतदार यादीवरून घ्या. तुमचं नाव शेजारच्या मतदारसंघात असेल तर तिथल्या यादीचा प्रमाणित उतारा जोडा. नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा नको. काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. खर्चाचं स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंत उघडलेलं हवं.

हरलात तरी निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो. तो सबळ कारणाशिवाय चुकवला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि पलूससारखी मुदत असेल तर त्यात पुढची सार्वत्रिक निवडणूकही हातची जाते.