खांद्याचा लॅब्रम फाटलाय: व्यायाम, टाके की टेनोडेसिस?

रिपोर्टात 'स्लॅप टेअर, टाइप २' (लॅब्रमचा वरचा भाग बायसेप्सच्या मुळासकट हाडापासून सुटणं) वाचलं की खेळाडू थेट ऑपरेशनची तारीख विचारतो. जरा थांबा. लॅब्रम, म्हणजे खांद्याच्या खोबणीभोवतीची कूर्चेची कड, जिच्या वरच्या भागाला बायसेप्सचा कंडरा चिकटतो, ती बॉल फेकणाऱ्या बऱ्याच जणांची एमआरआयमध्ये फाटलेली दिसते, आणि खांदा मात्र ठणठणीत असतो. दुखणं नक्की त्या फाटीचंच आहे का, हा पहिला प्रश्न.

म्हणूनच माझा कौल आधी फिजिओथेरपीला, निदान तीन महिने. पाठीवर झोपा, कोपर खांद्याच्या रेषेत ठेवून काटकोनात वाकवा आणि पंजा पायांकडे झुकवा. फेकणारा हात दुसऱ्यापेक्षा बराच आधी अडतो? मग सांध्याचं मागचं आवरण आखडलेलं असू शकतं. (थोडा फरक चालतो, या हाताचं बाहेरचं फिरणं तेवढंच वाढलेलं असतं.) आवरण मोकळं करणं, खांद्याच्या पात्याचे आणि रोटेटर कफचे (सांध्याभोवतीचे, हात फिरवणारे) स्नायू बळकट करणं, मग टप्प्याटप्प्याने फेक. नुसती शेक आणि विश्रांती म्हणजे फिजिओथेरपी नव्हे.

टाके घालून लॅब्रम पुन्हा हाडाला बसवला तर काही आठवडे हात झोळीत, फेक साधारण चार महिन्यांनी, स्पर्धा नऊ ते बारा महिन्यांनी. खांदा आखडण्याची भीती असते, आणि पिचरला (बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याला) नेमकं तेच परवडत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या व्यावसायिक बेसबॉलपटूंच्या अभ्यासात ऑपरेशननंतर पूर्वीच्या दर्जाला पोहोचलेले पिचर 7 टक्के, इतर जागी खेळणारे 54 टक्के. व्यायामावरच राहिलेल्या पिचरांमध्ये 22 टक्के. अर्थात ऑपरेशनला गेलेले मुळात व्यायामाने बरे न झालेले होते, हे विसरू नका.

टेनोडेसिसमध्ये कंडरा लॅब्रमपासून सोडवून दंडाच्या हाडाला बसवतात. चाळिशीकडे झुकलेल्या हौशी टेनिस किंवा व्हॉलीबॉल खेळाडूला टाक्यांपेक्षा हे सहसा बरं. मात्र नॉर्वेतल्या 118 रुग्णांच्या 2017च्या चाचणीत टाके आणि टेनोडेसिस, दोन्ही लुटुपुटीच्या ऑपरेशनपेक्षा (चीर देतात, पण आत दुरुस्ती करत नाहीत) सरस ठरले नाहीत. ते रुग्ण सरासरी चाळिशीचे होते, व्यावसायिक पिचर नव्हेत.

खांदा निखळून खालची-पुढची कड फाटली असेल तर हा हिशेब लागू नाही. तरुण खेळाडूत तिथे ऑपरेशनचं पारडं जड. तसंच फाटीशेजारी गाठ होऊन नस दाबली जात असेल, हात बाहेर फिरवताना जोर कमी पडत असेल, तर तीन महिने वाट पाहत बसू नका.