स्टुअर्ट १०व्ही: ओतीव भागांपासून घरच्या लेथवर बांधलेलं वाफेचं इंजिन, काही महिने चालवल्यानंतर

मॉडेल इंजिन कसं बांधलं यावर बरंच वाचायला मिळतं. ते चालू झाल्यावर पुढे त्याचं काय होतं, यावर फार कमी लिहिलं जातं. माझं इंजिन एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा चाललंय. या काळात काय घट्ट राहिलं, काय ढिलं झालं आणि कशाला पुन्हा हात लावावा लागला, हे सांगण्यासाठी हा अनुभव लिहितोय. जे टिकलं त्या जवळजवळ सगळ्याचं कारण कास्टिंगवर (ओतीव भागांवर) घेतलेल्या पहिल्या काही कटांमध्ये सापडतं. त्यामुळे मशीनिंगबद्दलही भरपूर बोलावं लागेल.

आधी इंजिनाची ओळख. स्टुअर्ट १०व्ही हे एका उभ्या सिलिंडरचं, डबल अ‍ॅक्टिंग (वाफ पिस्टनला दोन्ही बाजूंनी ढकलते), स्लाइड व्हॉल्व्हचं (वाफेची वाट सरकती झडप उघडते-मिटते) इंजिन. बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) पाऊण इंच, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी. फ्लायव्हील तीन इंची. सिडनी मार्मड्यूक स्टुअर्ट टर्नर या इंग्रज गृहस्थांनी १८९८ च्या सुमारास आपलं पहिलं मॉडेल इंजिन केलं आणि पुढे त्याचे ओतीव भाग विकायला सुरुवात केली. थेम्सकाठच्या हेन्लीत त्यांची कंपनी उभी राहिली. ती आज पंपांसाठी ओळखली जाते, आणि मॉडेल इंजिनांचा व्यवसाय वेगळा झालाय. १०व्ही कच्च्या कास्टिंगच्या रूपात मिळतं, तसंच मुख्य मशीनिंग झालेल्या संचाच्या रूपातही. मी कच्ची कास्टिंग घेतली.

खोकं उघडल्यावर हातात येतात ते बिडाचे आणि गनमेटलचे (तांब्याचा मिश्रधातू) खडबडीत तुकडे, थोडं बार मटेरियल, स्टड-नट आणि ड्रॉइंग. ड्रॉइंग माप सांगतं. कोणता पृष्ठभाग आधी करायचा आणि पहिल्यांदा भाग कुठे धरायचा, हे तुम्ही ठरवायचं. मला या संचाचं खरं मोल इथेच वाटतं. बार मटेरियलमधून काही बनवताना बाहेरचा व्यास गोल असतो, चकमध्ये धरलं की काम सुरू. कास्टिंगला सरळ बाजूच नसते. मोल्डच्या दोन भागांची जोडरेषा, सुटण्यासाठी दिलेला उतार, कुठे वाळूचा खडबडीतपणा. पहिली खरी बाजू आपणच निर्माण करायची आणि पुढची सगळी मापं तिच्यावर उभी करायची.

आमच्या कारखान्यात लेथ चालवणारे जुने टर्नर काका म्हणायचे, “कातडं काढल्याशिवाय बीड कळत नाही.” ते शब्दशः खरं आहे. ओतताना बिडाचा बाहेरचा थर लवकर थंड होतो आणि कडक होतो, त्यात वाळूचे कणही चिकटलेले असतात. अशा थरावर भीतभीत हलका कट घेतला तर टूल नुसतं घासतं आणि धार काही फेऱ्यांत जाते. पहिला कट त्या थराच्या खालून, मऊ बिडातून जायला हवा. एकदा कातडं निघालं की आतलं करडं बीड लोण्यासारखं कापलं जातं. त्यात ग्राफाइट असल्यामुळे कोरडंच कापायचं, कुलंट नको. मात्र बारीक काळी पूड सगळीकडे पसरते आणि तेलात मिसळली की लेथच्या बेडसाठी ती पॉलिश पेपरच असते. बेडवर वर्तमानपत्र पसरा, पूड व्हॅक्यूमने ओढून घ्या, आणि दिवस संपताना स्लाइड पुसून नवं तेल लावा.

माझ्याकडे राजकोटचा जुना साडेचार फुटी लेथ आहे, बॅक गिअरवाला (हे गिअर वेग कमी करून जोर वाढवतात). या बॅक गिअरचं महत्त्व फ्लायव्हीलवर कळलं. हायस्पीड स्टीलच्या टूलने बीड साधारण मिनिटाला २० मीटर या वेगाने कापतात. ७६ मिमी व्यासाला हिशेब केला तर मिनिटाला जेमतेम ८४ फेरे होतात. इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलवाल्या छोट्या लेथवर आकडा तेवढा खाली आणता येतो, पण तिथे मोटरमध्ये जोर उरत नाही आणि कातडं काढताना ती अडखळते. असा लेथ असेल तर कार्बाइड टिप वापरा, वेग वाढवा, आणि टूल अगदी आखूड धरा.

फ्लायव्हील चकमध्ये लावताना बहुतेक जण बाहेरची कड डायलने (डुलणं मोजणारं घड्याळ) खरी करतात, म्हणजे न डुलता फिरेल अशी लावतात. मी उलट करायचा सल्ला देईन. बाहेरची कड तर आपण कापूनच टाकणार आहोत. आरे आणि कडेची आतली बाजू मात्र ओतलेली तशीच राहणार, आणि इंजिन फिरताना डोळ्याला तीच दिसते. म्हणून आतली बाजू शक्य तितकी खरी करून घ्यावी, आणि त्याच सेटिंगमध्ये बाहेरची कड, एक बाजू आणि मधलं भोक रीमरसकट (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल) पूर्ण करावं. दुसरी बाजू नंतर मँड्रेलवर, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर. इतके महिने चालल्यावरही माझं फ्लायव्हील फिरताना जराही डुलत नाही.

सिलिंडरचं बोअरिंग हा या कामातला सर्वांत आनंदाचा भाग. फोर जॉ चकमध्ये (चारही जबडे वेगवेगळे सरकणारा चक) धरून कोअरच्या (ओततानाच राहिलेल्या) भोकाच्या मध्याबरोबरच बाहेरच्या फ्लँजही पाहाव्या लागतात, नाहीतर एका बाजूची भिंत पातळ होते. बोरिंग बार भोकात बसेल तितका जाड आणि पोहोचेल तितकाच आखूड घ्यायचा. शेवटी कट न वाढवता तोच टूल दोन-तीन वेळा सावकाश फीडने पुन्हा फिरवायचा. बार वाकून राहिलेला ताण त्यात निघून जातो आणि बोअरचा थोडासा निमुळतेपणाही कमी होतो. माप नेमकं १९.०५ आलं नाही तरी चालेल, पिस्टन त्या मापाला करता येतो. बोअर दोन्ही टोकांना सारखा असणं जास्त महत्त्वाचं. बोअरबरोबरच एका टोकाचा फेस घ्यायचा, दुसरा मँड्रेलवर, आणि पोर्ट फेस (ज्यावर स्लाइड व्हॉल्व्ह सरकतो ती बाजू) त्यानंतर, बोअरला समांतर.

पोर्टचं, म्हणजे वाफेच्या वाटांचं, काम किचकट आहे. सपाट पोर्ट फेसवर बारीक खाचा मिल करायच्या आणि सिलिंडरच्या टोकाकडून तिरकं ड्रिल मारून त्या खाचांना नेऊन मिळवायचं. उतारावर बारीक ड्रिल घसरतं, म्हणून आधी छोटीशी सपाट जागा करून सेंटर ड्रिल लावा. ड्रिल खाचेत फुटण्याच्या क्षणी ते पकडतं, तिथे हात अगदी हलका ठेवा.

आता स्टँडर्ड, म्हणजे सिलिंडर वर उचलून धरणारा पायांचा भाग. क्रॉसहेडचा (पिस्टन रॉडचं खालचं टोक सरळ चालवणारा भाग) गाइड याच्याच पोटात बोअर करायचा असतो. वरचा फ्लँज आणि गाइडचं बोअर एकाच सेटिंगमध्ये व्हायला हवं. मग स्टँडर्ड मँड्रेलवर घेऊन पायांचा तळ त्या बोअरला काटकोनात फेस करायचा. असं केलं की सिलिंडर, ग्लँड (पिस्टन रॉड बाहेर येतो तिथे वाफ अडवणारा भाग) आणि गाइड आपोआप एका रेषेत येतात. जोडताना एक चाचणी करून पाहा. सगळे नट ढिले ठेवून पिस्टन रॉड हाताने वर-खाली करा, मग एकेक नट आवळत जा. आवळताना रॉड जड झाला तर कुठला तरी फेस तिरका आहे. निळा रंग लावा आणि तो कुठे उमटतो यावरून असा फेस शोधा. मोठी भोकं करून नट हवे तसे सरकवायचा मोह होतो, पण तसं केलेलं इंजिन थोड्याच दिवसांत ग्लँडमधून गळायला लागतं.

आता वापराचं. पहिले काही दिवस मी इंजिन फक्त कंप्रेसरच्या हवेवर चालवलं. सुरुवातीला एक बारच्या आसपास दाब लागायचा आणि वेग कमी केला की ते डेड सेंटरला, म्हणजे पिस्टन धावेच्या टोकाला असताना, थांबायचं. जसजसे भाग एकमेकांत बसत गेले तसतसा दाब खाली येत गेला. आता खूपच हलक्या हवेवर ते इतकं संथ फिरतं की एक्सेंट्रिकची (व्हॉल्व्ह हलवणारी चकती) ये-जा डोळ्याने मोजता येते. मध्यंतरी स्टीम चेस्ट (व्हॉल्व्हची पेटी) उघडली तर व्हॉल्व्ह आणि पोर्ट फेसवर सगळीकडे सारखी करडी चकाकी होती. व्हॉल्व्हमधून हवा निसटते की काय, ही शंका तिथेच मिटली.

वाफेवर चालवलं ते मित्राच्या तांब्याच्या बॉयलरवर, आणि वाफेचं इंजिन हा प्राणीच वेगळा आहे हे तेव्हा जाणवलं. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं. ते दाबलं जात नाही, म्हणून आधी ड्रेन उघडे ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवून पाणी काढायचं. हवेवर पातळ मशीन ऑइल पुरतं, वाफेत ते धुऊन निघतं. तिथे जाड स्टीम सिलिंडर ऑइलच हवं. चालवून झाल्यावर इंजिन गरम असतानाच त्यात हवा मारून पाणी उडवा आणि तेल सोडा. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडं बीड एका रात्रीत तांबूस होतं. बेड आणि स्टँडर्डच्या मशीनिंग न केलेल्या बाजूंना लांबी लावून चांगला रंग दिला होता, तिथे काहीही झालं नाही. उघड्या फेसना मात्र पावसाळाभर दर आठवड्याला तेलाचं फडकं लागलं.

हात लावावा लागला तो दोनच ठिकाणी. ग्लँडचं ग्राफाइट पॅकिंग एकदा बदललं, आणि नट बोटाने आवळता येईल तेवढाच ठेवला. पाना लावून आवळलं तर पिस्टन रॉड झिजतो. दुसरं म्हणजे बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) थोडा वाजायला लागला होता. त्याच्या जोडफेसवरून कागदाच्या जाडीइतकं मटेरियल पॉलिश पेपरवर घासून काढलं आणि आवाज गेला.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. वाफेसाठी घरच्या प्रेशर कुकरला नळी जोडण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. कृपा करून ते करू नका. कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह स्वयंपाकासाठी बसवलेले असतात. झाकणाला भोक पाडलं की त्या सगळ्या हिशेबाला अर्थ उरत नाही. बॉयलर सिल्व्हर सोल्डरने जोडलेला असावा, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाला पाण्याने तपासलेला असावा, आणि त्याला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह असावा. तोवर हवेवर चालवा, मजा तीच आहे.

संच मागवायचा असेल तर किमतीत टपालखर्च आणि कस्टम ड्युटी धरा. आटे बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे असतात, आपल्या रोजच्या मेट्रिक टॅपशी ते जुळत नाहीत. बीए टॅप-डाय संचाबरोबरच मागवा, किंवा मुंबईच्या नागदेवीत, हत्यारांच्या बाजारात, एक चक्कर टाका. सगळं मेट्रिकमध्ये बदलता येतं, पण नटांचे बारीक षटकोन मग जाडजूड दिसतात. मला ते आवडत नाही. लेथ आहे पण मिलिंगची काहीच सोय नाही, अशांनी मशीनिंग झालेला संच घ्यावा. फिटिंग, व्हॉल्व्ह सेटिंग आणि चालवण्याचा आनंद त्यातही पुरेपूर मिळतो. ज्यांच्याकडे वर्टिकल स्लाइड (लेथवरच मिलिंग करता येतं ते जोडकाम), फोर जॉ चक आणि एक बरा डायल आहे त्यांनी कच्ची कास्टिंगच घ्यावी, आणि पहिला कट घेण्याआधी सगळे तुकडे टेबलावर मांडून प्रत्येक फेसचा क्रम कागदावर लिहून काढावा.