मुक्कामी पाहुण्यांसाठी चहा-कॉफी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठ महिन्यांत आमच्याकडे मुक्कामाला येणाऱ्यांची ये-जा बरीच वाढली. कोणी एका रात्रीपुरतं आलं, कोणी आठवडाभर राहिलं. म्हणून पाहुण्यांच्या खोलीबाहेरच्या टेबलावर किटली, कप आणि चहा-कॉफीचा एक ट्रे कायमचा मांडला. ट्रेमध्ये काय ठेवायचं हे आत्तापर्यंत तीनदा बदललं. पहिल्या वेळी जे हौसेने आणलं होतं त्यातलं जवळजवळ काहीच आज तिथे नाही.

सुरुवातीला माझा भर विविधतेवर होता. बारा चवींच्या टी-बॅगा एका लाकडी पेटीत, कॉफीच्या भाजलेल्या बियांची मोठी पिशवी, सोबत विजेचा ग्राइंडर. दिसायला सुरेख. पण पहाटे साडेपाचला उठणारा पाहुणा घर झोपलेलं असताना ग्राइंडर लावणार कसा? बिचारे सात वाजेपर्यंत खोलीत बसून राहायचे. पेटीतल्या टी-बॅगांवर कागदी वेष्टणं नव्हती, त्यामुळे दोन महिन्यांत सगळ्यांना पुदिन्याचा वास लागला. चहा आजूबाजूचे वास चटकन ओढून घेतो हे मला माहीत होतं, पण टी-बॅगा एकमेकींचा वास घेतील हे डोक्यात आलं नव्हतं. आणि बियांची पिशवी एकदा उघडली की तीन-चार आठवड्यांत सुगंध उतरू लागतो. पाहुणे रोज नसतात, त्यामुळे निम्मी पिशवी तशीच शिळी झाली.

सगळ्यात मोठी सुधारणा खरेदीत झाली नाही, ती प्रश्नात झाली. आधी मी विचारायचे, "चहा की कॉफी?" त्यावर बहुतेकांचं उत्तर एकच, "तुमचं जे होईल ते." आमच्या आत्या चार दिवस राहिल्या, रोज सकाळी आमच्याबरोबर कॉफी घेतली आणि निघताना बोलता बोलता कळलं की घरी त्या फक्त बिनदुधाचा हलका चहा घेतात. मला फार लागलं ते. आता पाहुणे आले त्याच रात्री विचारते, "घरी उठल्यावर पहिलं काय घेता, आणि साधारण किती वाजता?" या प्रश्नाला "काहीही चालेल" असं उत्तर देताच येत नाही. लोक नीट सांगतात: दूध किती, साखर किती, कप केवढा.

कॉफीबद्दल सविस्तर लिहिते, कारण पैसे तिथेच वाया जातात. रोबस्टा आणि अरॅबिका या कॉफीच्या दोन मुख्य जाती. रोबस्टामध्ये कॅफिन अरॅबिकाच्या साधारण दुप्पट असतं आणि चव कडक, कडवट. दूध घालून पिणाऱ्यांना तो जोर आवडतो, पण बिनदुधाची पिणाऱ्यांना नाही. मी मध्यम भाजणीची, मुख्यतः अरॅबिका असलेली कॉफी कायम केली. ती दोन्हीकडे चालते. फार गडद भाजणी घेतली तर काळी पिणारे अर्धा कप ठेवून देतात. फार हलकी घेतली तर दुधात ती हरवून जाते.

करायची कशी हा पुढचा प्रश्न. पहिले तीन महिने फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीचा दट्ट्या खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं, ठेवला: जाडसर पूड, २५० मिलिलिटर पाण्याला १५ ग्रॅम, चार मिनिटं. कॉफी उत्तम व्हायची, पण खाली उरलेला चोथा कुठे टाकायचा हे परक्या घरात कोणाला कळणार? पाहुणे संकोचाने प्रेस तसाच ठेवायचे किंवा स्वतः धुवायला जाऊन बेसिन तुंबवायचे. आता एकेका कपाच्या ड्रिप बॅगा ठेवते. कपाच्या कडेला अडकवायची, वरून हळूहळू पाणी ओतायचं, झाल्यावर कचऱ्यात. कागदातून गाळल्यामुळे कॉफीतलं कॅफेस्टॉल हे तेलकट द्रव्य बरंचसं वरच अडकतं. ते एलडीएल, म्हणजे 'वाईट' समजलं जाणारं कोलेस्टेरॉल वाढवतं, त्यामुळे कोलेस्टेरॉल जपणाऱ्या मोठ्यांसाठी न गाळलेल्या कॉफीपेक्षा ही बरी. दोन उणिवा मात्र आहेत. प्रत्येक कपामागे कचरा होतो, तो मला खुपतो. आणि मोठा मग काठोकाठ भरला की कॉफी पाणचट होते. बॅगेत १० ते १२ ग्रॅम पूड असते, तिला १५० ते १८० मिलिलिटरच पाणी हवं. म्हणून मोठे मग काढून लहान कप ठेवले. तक्रार तिथेच संपली.

इन्स्टंट कॉफी ठेवायचीच नाही असं मी ठरवलं होतं. तो माझा हट्ट चुकीचा होता. कित्येकांची सकाळ त्याच चवीने होते, त्यांना चांगली ताजी कॉफी दिली तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. फ्रीझ-ड्राय केलेली, म्हणजे गोठवून सुकवलेली दाणेदार इन्स्टंट अगदी लहान बरणीत ठेवा. ओला चमचा एकदा आत गेला की तिचा दगड होतो.

या सगळ्यात मनापासून शिफारस करावी अशी वस्तू म्हणजे डिकॅफ, कॅफिन काढून टाकलेली कॉफी. रात्री जेवण झाल्यावर गप्पा रंगतात आणि कोणीतरी म्हणतं, "एकेक कप कॉफी होऊन जाऊ दे." शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, गरोदरपणात त्याहून बरेच जास्त. नऊ वाजता घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री दोनला अंगात असतं. २०१३ सालच्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्यांची झोप तासाभराहून अधिक कमी झाली होती. त्यात परक्या जागी पहिल्या रात्री झोप मुळातच सावध लागते. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही. म्हणजे पाहुण्याची झोप आधीच अर्धी, त्यावर आपण प्रेमाने कॉफी पाजायची. डिकॅफ पूर्ण कॅफिनमुक्त नसते, पण एका कपात सहसा काही मिलिग्रॅमच उरतं. मी पाण्याच्या प्रक्रियेने कॅफिन काढलेली आणते. चव किंचित सपाट, दुधात फरक कळत नाही. भाची गरोदर असताना आठवडाभर राहिली होती. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानलं आहे, आणि तिच्या डॉक्टरांनीही जपून घ्यायला सांगितलं होतं. सकाळी तिची नेहमीची एक कॉफी, संध्याकाळी डिकॅफ. तिला कशालाच नाही म्हणावं लागलं नाही, याचं मला फार समाधान वाटलं.

रात्रीसाठी "हलका म्हणून" ग्रीन टी मागणारे पुष्कळ भेटले. काळा, हिरवा, ऊलाँग हे सगळे एकाच झुडपाच्या पानांचे, आणि कॅफिन सगळ्यांत असतं. हे मी आता न लाजता सांगते आणि पर्याय पुढे करते. कॅमोमाइल, पेपरमिंट, रूइबॉस या तिन्हींत कॅफिन नाही. पैकी कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं, त्या कुळातल्या फुलांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना देऊ नये. पेपरमिंटने काहींची छातीतली जळजळ वाढते. रूइबॉसवर मात्र माझा जीव जडला आहे. दक्षिण आफ्रिकेतली ही वनस्पती, हिच्यात टॅनिन कमी, त्यामुळे बॅग कपात विसरली तरी कडू होत नाही. पाहुणे बॅग विसरतातच. शिवाय ती दूधही छान घेते.

चहाचं गणित त्यामानाने सोपं निघालं. दूध घालणाऱ्यांसाठी सीटीसी, म्हणजे पानं यंत्रात चिरडून दाणेदार केलेली चहापूड. तिचे बारीक दाणे पटकन रंग सोडतात आणि दुधापुढे टिकतात. बिनदुधाचा पिणाऱ्यांसाठी अख्ख्या पानाचा, कपाला दोन-अडीच ग्रॅम, तीन-चार मिनिटं. हे दोन डबे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. आत्यांसाठी मी घाईत सीटीसी बिनदुधाची केली होती, त्यांना ती घशाला लागली. ग्रीन टीला उकळतं पाणी नको, ७० ते ८० अंश पुरे. आमच्या पहिल्या किटलीत तापमानाची सोय नव्हती आणि वर्षाच्या आत ती बिघडलीही. आता अंश ठरवता येणारी आहे, आणि अर्धवट सोडलेले ग्रीन टीचे कप दिसेनासे झाले. थर्मासचाही प्रयोग केला: रात्री अकराला भरलेलं पाणी सकाळी सहाला गरम असतं, ग्रीन टीला चालतं, पण काळ्या चहाला पुरत नाही.

पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर चहावर तपकिरी साय धरते, कपाला डाग पडतात. पाहुण्याला वाटतं कप नीट धुतलेला नाही. गाळलेलं पाणी वापरायला लागल्यापासून ते गेलं. किटलीतले पांढरे थर महिन्यातून एकदा सायट्रिक आम्लाने काढते.

दुधासाठी यूएचटीची, म्हणजे खूप जास्त तापमानाला क्षणभर तापवून बंद केलेल्या दुधाची लहान खोकी घ्या. न उघडता बाहेर महिनोन्‌महिने टिकतात आणि पहाटे कोणाला अंधारात फ्रिज शोधावा लागत नाही. दूध न पचणाऱ्यांसाठी ओटचं ठेवते. सोयाचं आधी ठेवलं होतं, ते गरम कॉफीच्या आंबटपणाने कपातच फुटायचं आणि पाहुण्यांना दूध नासकं वाटायचं.

काचेच्या बरण्या काढून घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे आणले. उजेडाने चहा आणि कॉफी दोन्ही उतरतात. डब्यांवर मोठ्या अक्षरांत नाव, आणि खाली "कॅफिन आहे" किंवा "कॅफिन नाही" इतकंच लिहिलं आहे. रात्री चष्मा काढून आलेल्यांनाही ते वाचता येतं.

एकच गोष्ट अजून जमलेली नाही, ती म्हणजे डिकॅफ काळा चहा. तीन वेगवेगळे आणून पाहिले, तिन्ही दूध घातल्यावर फिके पडतात. सध्या एका कपात दोन बॅगा घालून पाच मिनिटं झाकून ठेवते. त्याने रंग येतो, चव अजून नाही. कोणाकडे दुधात टिकणारा डिकॅफ चहा असेल तर जरूर सांगा, पुढच्या महिन्यात आत्या पुन्हा येताहेत आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या जाऊबाईंना रात्री दुधाचा चहा लागतो.